पाऊण कप दूध

पिठाच्या कारखान्यात तिला सगळे तक्रारताई म्हणत. त्यात टिंगल नव्हती, तो जवळजवळ हुद्दाच होता. पिशवीच्या मागे, अगदी तळाला, बारीक अक्षरांत जो फोन नंबर छापलेला असतो आणि जो कोणी कधी लावत नसेल असं आपल्याला वाटतं, तो लावला की पलीकडून ती बोलायची. सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच. जिन्याखालची खोली, एक टेबल, एक फोन, एक जाडजूड वही, आणि एक काचेची खिडकी, जिच्यातून पॅकिंगचा हॉल दिसायचा.

त्याच हॉलमध्ये तिची उमेदीची एकोणीस वर्षं गेली होती. पिशवी यंत्राखाली धरायची, भरली की वजन बघायचं, तोंड शिवायचं, पुढे ढकलायची. एकोणीस वर्षं नाकातोंडात पीठ गेलं आणि एका हिवाळ्यात छातीने संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, पिठापासून लांब राहा. आता पिठाच्या कारखान्यात पिठापासून लांब अशी जागा म्हणजे फोन. तिथे तिला बसवलं. तिचा आवाज गोड आहे असं साहेबांना वाटलं होतं. तो गैरसमज पहिल्या आठवड्यातच दूर झाला, पण तोवर खुर्ची तिची झाली होती.

घरीसुद्धा ती पिठाच्या डब्याकडे फिरकत नसे. नवरा शाळेची बस चालवायचा. सकाळची फेरी झाली की दुपारपर्यंत मोकळा, म्हणून स्वयंपाक त्याच्याकडे. सासूबाई खुर्चीत बसून सूचना करायच्या, कॉलेजात जाणारी लेक आयतं जेवायची, आणि ही घरी येऊन म्हणायची, "आज माझ्याशी कोणी बोलू नका. दिवसभराचं बोलणं संपलंय."

कारखान्याचं नाव चालायचं ते आपोआप फुगणाऱ्या पिठावर. पिशवीवर ऐटीत 'सेल्फ रेझिंग' लिहिलेलं, हॉलमधल्या बाया त्याला नुसतं 'फुगीर' म्हणत. यात बेकिंग पावडर आणि मीठ आधीच मोजून, चाळून मिसळलेलं असतं. वरून काही घालायचं नाही. एवढं सरळ आहे. आणि एवढंच लोकांच्या डोक्यात शिरत नसे.

"ताई, केक कडू लागतोय हो."

"वरून काही घातलंत?"

"छे, काहीच नाही. दोन चमचे बेकिंग पावडर फक्त."

किंवा, "तुमचं पीठ फुगत नाही."

"पीठ कधी आणलंत?"

"मोठा झाला तेव्हा आणलं होतं."

"मोठा म्हणजे?"

"मोठा मुलगा. यंदा शाळेत घातला."

तिने भिंतीवर सात मुद्दे लिहून चिकटवले होते. पीठ ताजं घ्या. वरून पावडर घालू नका. पॅनकेकचं मिश्रण फार घोटू नका, चार गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. दहा मिनिटं झाकून ठेवा. आच मध्यम. वर बुडबुडे फुटून भोकं तशीच राहिली की मगच उलटा, आणि एकदाच उलटा. उलटल्यावर उलथण्याने दाबू नका. हे सगळं ती झोपेतही म्हणू शकली असती. एकदा म्हणालीही होती. नवऱ्याने सकाळी विचारलं, "काय गं, कुणाला दाबू नका म्हणत होतीस?"

त्या वर्षी मात्र पॅनकेकच्या फोनांनी कहर केला. केकचे, बिस्किटांचे फोन होते तेवढेच राहिले, पॅनकेकचे दुप्पट, तिप्पट झाले. फुगत नाहीत. चपटे होतात. कडेने फाटतात. उलटताना उलथण्याला गुंडाळतात. एक बाई तर फोनवर रडलीच, म्हणाली नव्या नोकरीतल्या मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांच्यापुढे ओले कागद वाढले. तक्रारताईने सगळ्यांना सात मुद्दे ऐकवले. पहिल्या महिन्यात समजावून, दुसऱ्यात ठासून, आणि पुढे पुढे तर ती लोकांना सरळ झापायलाच लागली.

"घोटलंत ना जास्त?"

"नाही हो."

"घोटलंतच. लोक घोटतात आणि नाही म्हणतात."

हॉलमधली तिची जुनी मैत्रीण, जिला सगळे वजनकाटा म्हणत कारण तिच्या हाताला पिशवीतलं चिमूटभर कमी पीठही कळायचं, ती जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "एवढे सगळे लोक एकदम बिघडले कसे गं?"

"मोबाइल बघत स्वयंपाक करतात," तक्रारताई म्हणाली. विषय तिच्यापुरता संपला.

या सगळ्यांवर कडी करणारे एक मास्तर होते. गणिताचे, निवृत्त. दर सोमवारी दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांचा फोन. दहा वाजता लोक कामाला बसतात, त्यांना दहा मिनिटं द्यावीत, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो त्यांनी तिला पहिल्याच फोनला सांगितला होता. आपण आदल्या रविवारी काय केलं ते ते क्रमवार सांगत. पट्टी लावून मोजलेली जाडी सांगत.

"चार मिलिमीटर."

"घोटलंत का?"

"अकरा वेळा चमचा फिरवला. मागच्या रविवारी चौदा. त्याच्या आधी वीस. काही फरक नाही. तेव्हा घोटणं हे कारण आपण आता बाद करू."

आपण! जशी काही ही त्यांच्या वर्गातली मुलगी. तिच्या कपाळावरची शीर उडायला लागायची. पण त्यांना मध्येच तोडता यायचं नाही, कारण ते कधी आवाज चढवत नसत. ओरडणाऱ्याचा फोन ठेवता येतो. शांत माणसाचं काय करायचं?

मास्तरांनी एकेक करून सातही मुद्दे बाद केले. ताज्या पिठाची पिशवी आणली. आच कमी केली, वाढवली. दहाऐवजी वीस मिनिटं थांबले. तवा बदलला. एका सोमवारी त्यांनी विचारलं, "बाई, दूध जरा जास्त होतंय असं नाही वाटत तुम्हाला?"

"कंपनी तीस वर्षं पीठ करतेय," ती म्हणाली. "दुधाचं तिला कळतं."

"तुम्ही स्वतः केलेत का कधी?"

"काय?"

"पॅनकेक. या पिठाचे. तुमच्या हाताने."

"दर रविवारी करते," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिचे कान तापले. कारण तिने उभ्या जन्मात एक पॅनकेक केला नव्हता. एकोणीस वर्षं पीठ भरलं, सात वर्षं सल्ले दिले, आणि तव्यावर एक थेंब सोडला नव्हता. खोटं बोलल्याचं तिला फार वाईट वाटलं असं नाही. तिला राग आला. मास्तरांचा आला, त्यांच्या पट्टीचा आला. आता या माणसाचं तोंड कायमचं बंद करायचं, असं ठरवून तिने घरी जाताना कारखान्याच्या दुकानातून फुगीरची एक पिशवी उचलली.

रविवारी सकाळी नाकातोंडाला ओढणी बांधून ती ओट्यापाशी उभी राहिली. घरातले सगळे बघायला जमले, जणू गच्चीवरून उडीच मारणार होती.

"तू? पीठ?" नवरा म्हणाला.

"वाच गं," तिने लेकीला पिशवी दिली. रीत तिला पाठ होती, मापं तेवढी वाचायला हवी होती.

"एक कप पीठ. एक अंडं. एक चमचा साखर. दोन चमचे पातळ केलेलं लोणी. दूध, एक पूर्णांक तीन चतुर्थांश कप."

"म्हणजे पावणेदोन."

"तेच ते."

तिने पावणेदोन कप दूध ओतलं. चमचा मोजून दहा वेळा फिरवला. सासूबाईंनी खुर्चीतूनच मान उंचावली.

"अगं, हे पातळ झालं."

"पिशवीवर लिहिलंय तसंच केलंय."

"पिशवीने कधी स्वयंपाक केलाय का? डोळ्यांना दिसतंय की."

"आई, मी सात वर्षं हेच काम करतेय."

मिश्रण दहा मिनिटं झाकून ठेवलं. मध्यम आचेवर तव्यात एक डाव सोडला आणि तो थेट कडेपर्यंत पळत गेला. बुडबुडे आले, भोकं राहिली, तिने उलटायला उलथणं घातलं, तर अर्धा उलटला आणि अर्धा म्हणाला मी इथेच बरा आहे. दुसरा जळाला. तिसरा निघाला अख्खा, पण लेकीने तो उजेडाकडे धरला तर त्यातून खिडकी दिसली.

"थोडं पीठ टाकू का वरून?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"नाही!"

तिने नवीन मिश्रण केलं. तेच माप. मग तिसऱ्यांदा, तेच माप. अंडी संपली. ओटा, तवा, तिच्या कोपरापर्यंत सगळं चिकट झालं. खोकला आला तो वेगळाच. शेवटी ती ओढणी सोडून स्टुलावर बसली आणि त्या ताटलीतल्या चपट्या, फाटक्या, पिवळ्या चिंध्यांकडे बघत राहिली. लेक म्हणाली, "आई, कंपनीला फोन कर ना, पिशवीवर नंबर आहे," आणि मग आईचा चेहरा पाहून खोलीतून निघून गेली.

स्टुलावर बसल्या बसल्याच तिला एक गोष्ट कळली आणि ती कळल्यावर तिला आणखी चीड आली. ज्यांना स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा होता त्यांनी मूठभर पीठ वाढवलं असणार आणि खाऊन मोकळे झाले असणार. त्यांनी कशाला फोन केला असता? फोन केले ते सांगितलं तसंच करणाऱ्यांनी. म्हणजे इतके महिने ती आज्ञाधारक माणसांनाच झापत होती.

सोमवारी ती साडेआठलाच कारखान्यात पोचली आणि नमुन्यांचं कपाट उघडलं. दर वर्षीची एकेक पिशवी तिथे ठेवलेली असायची. मागच्या वर्षीच्या पिशवीवर अक्षरांत छापलं होतं: पाऊण कप दूध. त्याआधीच्या पिशवीवर पाऊण. त्याच्याही आधी पाऊण. नव्या पिशवीवर आकड्यांत, सुंदर गोल गोल आकड्यांत, एक पूर्णांक तीन चतुर्थांश. नवी पिशवी कोणा हौशी मुलाने सजवली होती. जुनं अक्षरी माप त्याला गावंढळ वाटलं असावं, म्हणून त्याने आकडे केले, आणि पाऊण काय नि पावणेदोन काय, त्याला सगळी एकाच घरातली भावंडं.

तिने दात खाल्ले. हल्लीच्या पोरांना पाऊण-सव्वा-दीड येत नाही यावर तिचं एक छोटं भाषण मनात तयारही झालं. ते साहेबांना ऐकवावं म्हणून तिने छपाईची फाइल मागवली. फाइलमध्ये छपाईआधीचा नमुना होता. नमुन्याच्या खाली लिहिलं होतं, 'मजकूर तपासला, बरोबर आहे.' आणि त्याखाली सही होती. सही तिची होती.

तिला तो दिवस आठवेना. मग थोडा थोडा आठवला. एका कानाला फोन, पलीकडे कोणी बिस्किटांवरून भांडतंय, आणि समोर कागद धरलेला शिपाई, "बाई, पटकन, गाडी थांबलीय." वाचायचं काय त्यात? सगळं पाठ तर होतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, तर या कारखान्यात दळणारीही तीच आणि... पुढचं तिने मनातही पुरं केलं नाही.

दहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. तिने तो वाजू दिला. सात वर्षांत पहिल्यांदा.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, दोन्ही पिशव्या पाहिल्या, आणि खुर्चीत मागे रेलले.

"चार महिन्यांच्या पिशव्या छापून पडल्यात, ताई."

"मग त्यांच्यावर पट्ट्या चिकटवा. बरोबर मापाच्या."

"हॉलमध्ये माणसं कुठेत तेवढी? फोन येतीलच. त्यांना सांगा दूध कमी घाला म्हणून. नाहीतरी तुमचं कामच आहे ते." मग ते जरा गोड आवाजात म्हणाले, "आणि सही कुणाची आहे ते मी कुठे बोलतोय?"

"बोला की," ती म्हणाली. "माझी आहे. चूक माझी आहे. म्हणूनच म्हणतेय पट्ट्या लावा."

"बघू."

बघू या शब्दाचा अर्थ तिला सव्वीस वर्षांच्या नोकरीत पुरता कळला होता. ती आपल्या खोलीत आली, पाणी प्यायली, आणि त्यानंतर पॅनकेकचा जो फोन आला त्याला म्हणाली, "तुमची तक्रार अगदी योग्य आहे. थांबा, आमच्या साहेबांशीच बोला." आणि बटण दाबून फोन वर दिला. दुसराही दिला. तिसराही. मंगळवारी सतरा दिले. साहेब खाली आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "हे काय चाललंय?"

"मला सही करण्याआधी वाचायची सवय लावून घ्यायचीय साहेब, वेळ लागतोय. तोवर तुम्ही सांभाळा."

बुधवारी सकाळी एका आजोबांनी साहेबांना पाऊण तास धरून ठेवलं आणि मध्येच सुनेकडे, मग नातवाकडे फोन दिला. दुपारी पट्ट्या छापायला गेल्या.

त्या चिकटवायला हॉलमधल्या बायांनी रोजची अर्धी सुट्टी आणि सकाळचा पहिला पाव तास दिला. वजनकाट्याने एकदाच विचारलं, "म्हणजे आमच्या चुकीमुळे नाही ना?" आणि नाही म्हटल्यावर, "मग आम्ही का चिकटवायच्या?" असं म्हणून पहिली पट्टी तिनेच चिकटवली. तक्रारताईला आत यायची बंदी होती, छातीमुळे. ती खिडकीच्या फटीतून पट्ट्या सोलून द्यायची आणि बाया लावायच्या.

पण वहीतली नावं राहिली होती. पिशवी बदलल्यापासूनच्या सात महिन्यांतले पॅनकेकवाले. तिने सगळ्यांना उलट फोन करायला घेतला, येणाऱ्या दोन फोनांच्या मधल्या वेळात. नाकी नऊ आले. माणसाची माफी मागायची तर त्याला आधी आपण कोण ते पटवावं लागतं. एकाला वाटलं ती पीठ विकतेय. दुसऱ्याने तीनदा सांगूनही, "आम्हाला नकोय," म्हणत ठेवून दिला. एक बाई म्हणाली, "अहो, ते कधीच सुटलं. मी दूध कमी केलं." आणि वर, "तुम्हाला एवढं साधं कळलं नाही?" मैत्रिणींपुढे ओले कागद वाढणारीने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तुम्ही मला म्हणाला होतात, ज्याला वाचता येतं त्याला पॅनकेक येतो. मी त्या दिवशी तवाच देऊन टाकला." "चुकलंच माझं," तक्रारताई म्हणाली. ते म्हणायला तिला आपल्या आवाजाचा गोड भाग शोधावा लागला. तो बरेच दिवस वापरात नव्हता.

मास्तरांचा नंबर तिने सगळ्यांत शेवटी लावला. दोन दिवस टाळला, मग लावला.

"मास्तर, दूध पाऊण कप. पावणेदोन नाही. छपाईची चूक होती. नमुना मीच तपासला होता. म्हणजे तपासला नव्हता, सही केली होती."

"मी दुधाचं तुम्हाला विचारलं होतं," मास्तर म्हणाले.

"विचारलं होतंत."

"तीन मार्चला."

"असेल."

"आणि दर रविवारी करता म्हणालात ते?"

"ते खोटं होतं."

"हं," मास्तर म्हणाले. गणिताचं उत्तर चुकलं पण रीत बरोबर निघाली, अशा वेळी मास्तर लोक काढतात तसला तो हुंकार होता. मग एकदम त्यांचा आवाज त्रासला. "अहो, पण आता पंचाईत झाली ना माझी. हे मी माझ्यासाठी करत नव्हतो. थोरली बहीण आहे माझी, अंथरुणाला आहे, दात नाहीत. तिला मऊ काहीतरी हवं म्हणून मी या फंदात पडलो. सात महिने तिला हे चपटे खाऊ घातले. तिला ते आवडायला लागलेत! मागच्या रविवारी जरा अंदाजाने दूध कमी केलं, बरे जाड झाले, तर म्हणते, 'हे काय उशीसारखं केलंस, नेहमीसारखं कर.'"

तक्रारताईला हसू आलं आणि त्याच वेळी तिला त्या बहिणीचाही राग आला. "मग तुम्ही दर सोमवारी मला का छळत होतात? त्यांना आवडत होते तर?"

"कारण ते चूक होतं," मास्तर म्हणाले. जसं काही याहून वेगळं कारण असूच शकत नाही. "बरं, एक सांगा. चपटे मुद्दाम करायचे तर पावणेदोनच ठेवायचं का, की दीड चालेल?"

"मला काय माहीत!"

"तुम्ही करून बघा ना."

तिने बघते म्हटलं. साहेबांसारखंच म्हटलं. पण रविवारी ओढणी बांधून ओट्याशी उभी राहिली. आधी पाऊण कपाचे केले. ते फुगले, चांगले बोटाएवढे, आणि लेकीने चार खाल्ले, नवऱ्याने सहा. मग दीड कप दुधाचे केले. त्यांच्याकडे कोणी बघेना. सासूबाईंनी त्यातला एक उचलला, दुमडला, चावला.

"हा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी असेच कर."

"पुढच्या रविवारी कोण करणारे?" तक्रारताई खोकत म्हणाली, पण तोवर लेकीने पाचव्यासाठी ताटली पुढे केली होती.

सोमवारी ती कामावर आली. नऊ वाजून दोन मिनिटांनी पहिला फोन.

"ताई, तुमच्या पिशवीवर ती नवीन पट्टी लावलीय ना दुधाची?"

"हो, हो. काय झालं?"

"तिच्याखाली तारीख झाकली गेलीय. पीठ ताजं आहे की शिळं, कळायचं कसं?"

तिने डोळे मिटले. काचेपलीकडे वजनकाटा पट्ट्या लावत होती, सरळ, एकसारख्या, बरोबर तारखेवर.

"थांबा," ती म्हणाली, आणि रिसीव्हर टेबलावर ठेवून काच वाजवायला उठली.